एक्सएमएल कोणत्या माहितीसाठी वापरावं आणि कोणत्या नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना शब्दकोश, जुनी पत्रं, कायदे, हिशेब, मोजमापांच्या नोंदी अशी मराठी माहिती संगणकावर नीट आणि दीर्घकाळ टिकेल अशी ठेवायची आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. एक्सएमएल म्हणजे मजकुरात टॅग, म्हणजे कोनी कंसातल्या खुणा, घालून कोणता भाग काय आहे हे नोंदवण्याची पद्धत. उदाहरणांतले टॅग मुद्दाम देवनागरीत दिले आहेत. ते एक्सएमएलच्या नियमांत बसतात, मात्र ते वापरताना काय सांभाळायचं हे पुढे सांगितलं आहे.

एक्सएमएल मुळात कशासाठी बनलं?

लेखी मजकुरासाठी. १९६९ मध्ये आयबीएममध्ये कायदेविषयक कागदपत्रं संगणकावर ठेवण्याच्या कामातून जीएमएल निघालं. त्यातून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आलं आणि ते सुटसुटीत करून १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल १.० जाहीर झालं. त्यानंतरच्या दशकात ते सगळीकडे वापरलं गेलं: सर्व्हरमधली देवाणघेवाण, सेटिंग्जच्या फाइल, डेटाबेसचे उतारे. ज्या कामांत ते अडखळतं, त्यांपैकी बहुतेक कामं त्याच काळात त्याच्या माथी आली.

माझी माहिती एक्सएमएलला योग्य आहे का, हे पटकन कसं ठरवू?

सगळे टॅग मनातल्या मनात पुसून टाका. उरलेला मजकूर माणसाला वाचता येतो का, ते पाहा.

<पत्र>
<व्यक्ती>सखारामपंत</व्यक्ती> काल <ठिकाण मूळ="सातारा">साताऱ्याहून</ठिकाण> निघाले; सोबत <अस्पष्ट>दोन</अस्पष्ट> बैल आहेत.
</पत्र>

टॅग गेले तरी पत्र पत्रच राहतं. व्यक्ती कोण, ठिकाण कोणतं, कोणता शब्द नीट लागत नाही, एवढंच टॅग त्या मजकुराबद्दल सांगतात. अशी माहिती एक्सएमएलमध्ये ठेवा. हीच कसोटी विजेच्या बिलांच्या यादीला लावली तर टॅग पुसल्यावर आकड्यांची माळ उरते, कारण तिथे सगळा अर्थ रकान्यांच्या नावांत असतो. त्या माहितीला तक्ता हवा.

या पत्रासारख्या मजकुराला मिश्र आशय म्हणतात: वाक्याच्या मधेच टॅग, टॅगच्या आत पुन्हा वाक्य. जेसनमध्ये, म्हणजे नाव-मूल्याच्या जोड्या आणि याद्यांच्या स्वरूपात, हे लिहायचं तर वाक्याचे तुकडे करून यादी करावी लागते, आणि ती यादी हाताने दुरुस्त करणं जवळजवळ अशक्य होतं.

शब्दकोश एक्सेलमध्ये चालतो की. एक्सएमएल कशाला?

दोन रकान्यांची शब्दयादी असेल तर एक्सेलच ठेवा. खरा कोश मात्र तक्त्यात बसत नाही. हे पाहा:

<नोंद>
<शब्द>पाट</शब्द> <व्याकरण>पुल्लिंगी</व्याकरण>
<अर्थ>बसण्यासाठी वापरायची लाकडी फळी</अर्थ>
<अर्थ>शेताला पाणी नेणारा कालवा. <उदा><ठळक>पाटाला</ठळक> पाणी सुटलं</उदा></अर्थ>
<अर्थ>स्त्रीचा पुनर्विवाह, <पाहा>मोहतूर</पाहा></अर्थ>
</नोंद>

एका शब्दाला एक अर्थ, दुसऱ्याला बारा. एका अर्थाला चार उदाहरणं, दुसऱ्याला एकही नाही. उदाहरणाच्या आत ठळक शब्द, अर्थाच्या आत दुसऱ्या नोंदीचा हवाला. डेटाबेसमध्ये यासाठी शब्द, अर्थ, उदाहरण, हवाले अशी निदान चार टेबलं लागतात, आणि ठळक शब्दाचा प्रश्न तरीही उरतोच. एक्सएमएलमध्ये नोंद छापील पानावर दिसते त्याच क्रमाने राहते, त्यामुळे संपादकाला ती वाचून तपासता येते. शोधासाठी पुढे त्यातून डेटाबेस तयार करा, पण मूळ प्रत एक्सएमएलच ठेवा.

कायदे, नियम आणि शासन निर्णय?

एक्सएमएलचं हे हक्काचं क्षेत्र आहे. कलम, पोटकलम, खंड, परंतुक, स्पष्टीकरण ही रचना एकात एक बसलेली असते. क्रम बदलला तर अर्थ बदलतो आणि एक कलम दुसऱ्याचा हवाला देतं. शासन निर्णयातले ‘वाचा’, ‘प्रस्तावना’ आणि ‘शासन निर्णय’ हे भागही ठरलेले असतात. विधिमंडळांच्या आणि न्यायालयांच्या कागदपत्रांसाठी अकोमा एनटोसो नावाची तयार एक्सएमएल शब्दसंपदा, म्हणजे ठरवून दिलेल्या टॅगचा संच, आहे. स्वतःचे टॅग बनवण्याआधी ती पाहा.

खरी अडचण दुरुस्त्यांची असते. ‘कलम ४ मधील अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द’ असा बदल आला की जुना मजकूर पुसायचा नसतो. कोणत्या तारखेला कोणता पाठ लागू होता, हे सांगता आलं पाहिजे. त्यासाठी बदललेल्या तुकड्यावर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशी ॲट्रिब्यूट (टॅगच्या आत लिहिलेलं नाव आणि मूल्य) लावून दोन्ही पाठ शेजारी ठेवतात. प्रत्येक कलमाला न बदलणारी ओळख द्या, आणि ती कलमाच्या छापील क्रमांकावरून बनवू नका. मधे ‘४-अ’ घुसलं की क्रमांकावर बेतलेले सगळे हवाले सरकतात.

मराठीत विभक्तीप्रत्यय शब्दाला चिकटतो. टॅग नेमका कुठे संपवायचा?

नवख्यांच्या हातून सर्वांत जास्त बिघाड इथे होतो, म्हणून जरा तपशिलात.

‘साताऱ्याहून’ या शब्दात फक्त गावाचं नाव खुणावायचं म्हणून टॅग मधेच बंद केला, तर पुढचा मजकूर हलन्ताच्या चिन्हाने किंवा मात्रेने सुरू होतो. पडद्यावर तिथे ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ दिसतं, शोधाच्या साधनांना शब्द सापडत नाही आणि शब्दमोजणी चुकते. शिवाय सामान्यरूप झालं की मूळ नाव अक्षरशः शिल्लकच नसतं: ‘पुण्याला’ या शब्दातून ‘पुणे’ कापून काढता येत नाही.

म्हणून टॅग नेहमी पूर्ण शब्दाभोवती घाला आणि मूळ रूप ॲट्रिब्यूटमध्ये द्या, वरच्या पत्रात ‘सातारा’ दिलं तसं. अक्षराच्या मधे, म्हणजे मात्रा किंवा जोडाक्षर तोडून, टॅग कधीही घालू नका. हस्तलिखितात अर्धंच अक्षर फाटलं असेल तरी पूर्ण अक्षराला टॅग लावा आणि तपशील टिपेत लिहा.

दुसरा धोका फाइल ‘सुंदर’ करून देणाऱ्या साधनांचा. ती प्रत्येक टॅग नव्या ओळीवर नेतात. तक्त्यासारख्या माहितीत त्याने काही बिघडत नाही, पण मिश्र आशयात नवी ओळ म्हणजे जागा. ‘रामाने’ या शब्दात ‘रामा’ला टॅग असेल, तर सुशोभनानंतर ‘रामा’ आणि ‘ने’ वेगळे होतात. मजकुराच्या फाइलींवर ही सोय बंद ठेवा.

पानांप्रमाणेही आणि वाक्यांप्रमाणेही खुणा हव्यात. दोन्ही एकत्र बसत नाहीत. काय करावं?

बसणारही नाहीत. एक्सएमएल म्हणजे झाड: प्रत्येक एलिमेंट (उघडणारा टॅग, बंद करणारा टॅग आणि मधला मजकूर) दुसऱ्याच्या पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर. पोथीतलं वाक्य एका पानावर सुरू होऊन पुढच्या पानावर संपतं, तेव्हा पान आणि वाक्य एकमेकांना छेदतात आणि फाइल सुरचित, म्हणजे एक्सएमएलच्या नियमांत बसणारी, राहत नाही.

प्रचलित उपाय दोन. पहिला: एक रचना मुख्य ठरवा, बहुधा मजकुराची, म्हणजे परिच्छेद आणि वाक्यं. दुसरीसाठी रिकामे टॅग मैलाच्या दगडासारखे रोवा: <पान क्र="१२"/> म्हणजे ‘इथून पान १२ सुरू’. १९८७ मध्ये सुरू झालेल्या टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह या प्रकल्पाच्या मार्गदर्शिकेत पान आणि ओळ यांसाठी हीच पद्धत आहे. दुसरा: मजकुरातल्या प्रत्येक शब्दाला ओळख द्या आणि खुणा वेगळ्या फाइलीत ‘शब्द ४० ते ५२’ अशा ठेवा. चार-पाच जण एकाच मजकुरावर वेगवेगळं विश्लेषण करत असतील तेव्हाच दुसरी पद्धत परवडते. एकट्याच्या कामात ती लवकर विस्कटते, कारण मजकुरात एक शब्द वाढला की बाहेरचे हवाले पुन्हा तपासावे लागतात.

वंशावळ तर झाडच असते. ती एक्सएमएलमध्ये छान बसेल ना?

कागदावर काढलेली एकाच पुरुषाची वंशवेल बसेल. खरी नाती बसत नाहीत. प्रत्येक माणसाला दोन पालक, म्हणजे दोन फांद्यांवर तोच माणूस. मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्न झालं असेल तर एकच पूर्वज दोन वाटांनी येतो. दत्तकामुळे जन्माचं घर वेगळं आणि वंशाचं वेगळं. एकात एक टॅग घालत गेलात तर तीच व्यक्ती दोनदा लिहावी लागेल आणि एका जागी तारीख सुधारली की दुसरीकडे चूक राहील.

हे जाळं आहे. व्यक्तींची एक यादी, विवाहांची दुसरी यादी, आणि ओळखीने जोडलेले संबंध असं ठेवा. साध्या डेटाबेसची दोन-तीन टेबलं पुरतात. कुटुंबाची कागदपत्रं, पत्रं, आठवणी मात्र एक्सएमएलमध्ये असू द्या आणि त्यांतल्या नावांवर व्यक्तीची ओळख लावा. रस्त्यांचं जाळं, वीजवाहिन्या, समाजमाध्यमांवरचे संबंध यांनाही हेच लागू.

पावसाच्या किंवा तापमानाच्या तासागणिक नोंदी?

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने तोडलेली साधी मजकूर फाइल, वापरा. हिशेबच पाहू. एका नोंदीत १६ अक्षरांची तारीख-वेळ आणि ४ अक्षरांचा आकडा, दोन्ही इंग्रजी अंकांत. सीएसव्हीमध्ये स्वल्पविराम आणि ओळ धरून २२ बाइट. तीच नोंद <नोंद>, <वेळ>, <मिमी> अशा टॅगमध्ये घातली की १०१ बाइट, कारण यूटीएफ-८ या युनिकोड साठवणीच्या पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे सुमारे १ लाख ९३ हजार बाइटच्या जागी ८ लाख ८५ हजार.

आकाराची तक्रार झिप केल्यावर बरीच मिटते, कारण तेच टॅग पुन्हा पुन्हा येतात आणि छान दाबले जातात. न मिटणारी गोष्ट वाचण्याच्या कष्टाची: प्रत्येक आकडा काढायला प्रोग्रामला दोन टॅग ओलांडावे लागतात, आणि इतकं करून मिळतं ते रकान्याचं नाव, जे पहिल्या ओळीत एकदा लिहून भागलं असतं.

केंद्राचं नाव, मापकाचा प्रकार, ‘पावसाचा दिवस सकाळी ८.३० ला संपतो’ ही व्याख्या, मापक तुंबल्याचा शेरा हे सगळं वर्णन आहे. ते छोट्या एक्सएमएल किंवा जेसन फाइलीत आकड्यांशेजारी ठेवा. आणि सीएसव्हीमध्ये मराठी मजकूर असेल तर ती यूटीएफ-८ मध्ये सुरुवातीच्या बीओएम खुणेसह साठवा. नाहीतर दुहेरी क्लिक करून एक्सेलमध्ये उघडल्यावर गिचमीड दिसतं.

मग ट्रेकचा जीपीएक्स ट्रॅक एक्सएमएलमध्ये का असतो? तेही आकडेच.

बरोबर, आणि म्हणूनच तो फुगतो. जीपीएक्समध्ये प्रत्येक बिंदूला स्वतंत्र एलिमेंट, त्यावर अक्षांश-रेखांशाची ॲट्रिब्यूट, आत उंची आणि वेळ. एका बिंदूला जवळपास १०० बाइट. सह्याद्रीतल्या एखाद्या किल्ल्याची सहा तासांची वाट दर सेकंदाला नोंदवली तर २१,६०० बिंदू, म्हणजे साधारण २१ लाख बाइट. मोबाइलला हे सहज झेपतं आणि कुठल्याही कंपनीचं यंत्र ते वाचतं, म्हणून चालून जातं. हजारो ट्रॅकचा संग्रह करायचा असेल तर भौगोलिक डेटाबेसमध्ये न्या.

नकाशांसाठीचं केएमएल जास्त शहाणपणाने वागतं: सगळे बिंदू एकाच एलिमेंटमध्ये साध्या मजकुरासारखे, बिंदूतले आकडे स्वल्पविरामाने आणि बिंदू जागेने तोडलेले. एसव्हीजी चित्रांतही रेषेचा मार्ग एका ॲट्रिब्यूटमध्ये आखूड खुणांनी लिहिलेला असतो. चांगल्या एक्सएमएल शब्दसंपदा कुठे थांबायचं ते जाणतात. टॅग लावणं तिथे थांबवा, जिथे तुकड्याला स्वतंत्र अर्थ उरत नाही.

केएमएलमध्ये आधी रेखांश येतो, मग अक्षांश. उलट लिहिलं तर सह्याद्रीतला किल्ला नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसतो.

फोटो, ध्वनिफिती, स्कॅन केलेली पानं?

नाही. एक्सएमएलमध्ये कच्चे बाइट घालता येत नाहीत. शून्य मूल्याचं चिन्ह आणि बहुतेक नियंत्रण-चिन्हं त्याला निषिद्ध आहेत. बेस-६४ करून, म्हणजे बाइट साध्या अक्षरांत बदलून, घालता येतात, पण ३ बाइटची ४ अक्षरं होतात, म्हणजे एक तृतीयांश वाढ, आणि फाइल संपादकात उघडेनाशी होते. चित्र वेगळं ठेवा आणि एक्सएमएलमध्ये फक्त त्याचं नाव द्या. वर्डची फाइल आतून अशीच असते: एक झिप, तिच्यात मजकुराचं एक्सएमएल आणि चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये.

सतत वाढत जाणारी नोंदवही, म्हणजे लॉग?

नाही. एक्सएमएल फाइलीला एकच मूळ एलिमेंट असतं आणि ते शेवटी बंद व्हावं लागतं. नवी नोंद जोडायची तर आधी तो शेवटचा टॅग काढा, लिहा, पुन्हा लावा. मधेच वीज गेली तर अख्खी फाइल नियमबाह्य होते आणि पार्सर, म्हणजे एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम, ती वाचायला नकार देतो. एका ओळीत एक जेसन नोंद ही पद्धत इथे कितीतरी भक्कम आहे, कारण शेवटची ओळ अर्धी राहिली तरी वरच्या सगळ्या शाबूत राहतात.

बँका आणि सरकारी यंत्रणा तर आकड्यांसाठीही एक्सएमएल वापरतात. त्या चुकतात का?

चुकत नाहीत, त्यांची गरज वेगळी आहे. पैशाचा संदेश दोन संस्थांमधला करार असतो: कोणतं क्षेत्र अनिवार्य, किती अक्षरांचं, कोणत्या क्रमाने, हे स्कीमा (रचनेचे नियम लिहिलेली फाइल) ठरवते आणि चुकीचा संदेश दारातच परत जातो. यूपीआयचे संदेश एक्सएमएलमध्ये असतात. रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस प्रणाली २०१३ पासून आयएसओ २००२२ या मानकावर चालते, तेही एक्सएमएलच. ठरावीक वर्गांतल्या कंपन्यांचे ताळेबंद २०१०–११ या आर्थिक वर्षापासून एक्सबीआरएल या एक्सएमएलवर बेतलेल्या स्वरूपात द्यावे लागू लागले.

दुसरं कारण सहीचं. आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल म्हणजे चार अंकी शेअर कोडने बंद केलेली झिप आणि तिच्यात डिजिटल सही केलेलं एक्सएमएल. ही फाइल संपादकात उघडून ‘सेव्ह’ करू नका. संपादकाने एखादी नवी ओळ जरी घातली तरी सही जुळत नाही आणि फाइल फेटाळली जाते.

सगळं मात्र तसंच राहत नाही. आयकर विवरणपत्रांची साधनं आकारणी वर्ष २०२१–२२ पासून एक्सएमएल सोडून जेसनवर आली. जीएसटीची विवरणपत्रं जेसनमध्येच चढवतात. फॉर्ममधल्या रकान्यांना मिश्र आशय नसतो आणि वेब ब्राउझरला जेसन थेट कळतं, त्यामुळे हा बदल योग्यच आहे. तसंच, आधारच्या जुन्या क्यूआर कोडमध्ये एक्सएमएल मजकूर असे. नंतरच्या सुरक्षित क्यूआरमध्ये त्याऐवजी दाबलेले, सही केलेले बाइट आले. इंचभर जागेत टॅग परवडत नाहीत.

टॅलीत एक्सएमएलने व्हाउचर चढवताना काय चुकतं?

तीन गोष्टी पुन्हा पुन्हा. व्हाउचरमध्ये लिहिलेलं खातं कंपनीत अस्तित्वात नसतं, किंवा नावात एखादी जागा जास्त असते. म्हणून आधी खाती चढवा, मग व्हाउचर. तारीख आठ सलग अंकांत लागते: वर्ष, महिना, दिवस. नावे रक्कम ऋण चिन्हाने आणि जमा रक्कम धन लिहायची असते. हे उलटलं की ताळा जुळतो, पण व्यवहार उलटा बसतो, आणि ही चूक सर्वांत उशिरा सापडते.

शिवाय ‘शहा & सन्स’ सारखं नाव. नुसतं & चिन्ह मजकुरात आलं की कोणतंही एक्सएमएल मोडतं, कारण ते एन्टिटीची, म्हणजे दुसऱ्या मजकुराच्या जागी लिहायच्या छोट्या नावाची, सुरुवात मानलं जातं. < या चिन्हाचंही तसंच. फाइल दोरीला दोरी जोडल्यासारखी मजकूर चिकटवून बनवू नका. एक्सएमएल लिहिणारी लायब्ररी वापरा, ती ही चिन्हं आपोआप सुरक्षित करते.

सेटिंग्ज आणि ॲपमधले मराठी संदेश?

छोट्या सेटिंग्जसाठी एक्सएमएल जड पडतं. साधी ‘नाव = मूल्य’ फाइल पुरते. अँड्रॉइडमधल्या संदेशांना मात्र ते शोभतं, कारण संदेशात ठळक शब्द किंवा मधे येणारं नाव असू शकतं, म्हणजे पुन्हा मिश्र आशय. संदेशात अपॉस्ट्रॉफी आली तर तिच्याआधी उलटी तिरकी रेघ लागते, हे तेवढं लक्षात ठेवा.

टॅगची नावं देवनागरीत ठेवावीत का?

नियमात बसतं. अभ्यासक हाताने खुणा करणार असतील तर आम्ही ते सुचवू, वाचायला सोपं जातं. बाहेरच्या संस्थांशी देवाणघेवाण असेल तर प्रचलित मानकाची नावं घ्या.

अडचण दिसायला सारख्या अक्षरांची आहे. उघडणारा आणि बंद करणारा टॅग पार्सर चिन्हागणिक जुळवतो. ‘ॲ’ हे एकच चिन्ह म्हणून लिहिता येतं, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन दोन चिन्हांत. डोळ्यांना फरक दिसत नाही, पार्सरला दिसतो आणि तो ‘टॅग जुळत नाही’ म्हणून थांबतो. ‘ऱ्य’चंही तसंच: ‘ऱ’ वापरून, किंवा ‘र’ला हलन्त देऊन मधे अदृश्य जोडचिन्ह घालून. युनिकोडचं प्रमाणीकरण या दोन्ही जोड्या एकरूप करत नाही, त्यामुळे फाइल आत घेताना स्वतःचा बदल-नियम चालवावा लागतो. एक्सएमएल १.० च्या २००८ मधल्या पाचव्या आवृत्तीआधीच्या नियमांवर चालणारे पार्सर एकचिन्ही ‘ॲ’ आणि अदृश्य जोडचिन्ह नावात स्वीकारतच नाहीत. म्हणून टॅगच्या नावात ‘ॲ’ आणि ‘ऱ्य’ टाळा. जागा चालत नाही, अधोरेषा घाला.

१२.४ असं देवनागरी अंकांत लिहिलं तर स्कीमा चूक का दाखवते?

एक्सएसडी स्कीमातले संख्या-प्रकार फक्त इंग्रजी अंक ओळखतात, तारखाही तशाच. गणिताला लागणारं मूल्य ॲट्रिब्यूटमध्ये इंग्रजी अंकांत द्या आणि कागदावर जसं लिहिलं आहे तसा देवनागरी आकडा मजकुरात राहू द्या. जुन्या दस्तांत ‘सव्वा तीन मण’ किंवा ‘अडीच पायली’ असं असतं, तिथे तर ही दुहेरी व्यवस्था अनिवार्यच आहे.

ॲट्रिब्यूट की एलिमेंट?

वाचकाला दिसायचा मजकूर एलिमेंटमध्ये, त्या मजकुराबद्दलची छोटी माहिती ॲट्रिब्यूटमध्ये. ॲट्रिब्यूटमध्ये घातलेल्या नव्या ओळी वाचताना साध्या जागा होतात, त्यामुळे पत्ता किंवा कवितेच्या ओळी तिथे ठेवल्या तर ओळरचना कायमची जाते. तेच ॲट्रिब्यूट एका एलिमेंटवर दोनदा येत नाही, म्हणून उद्या दोन होऊ शकणारी गोष्टही तिथे नको.

एक्सएमएलचं आपोआप जेसन करणारी साधनं विश्वासार्ह आहेत का?

तक्त्यासारख्या माहितीपुरती, आणि तीही तपासून. नेहमीचा घोटाळा असा: नोंदीत दोन अर्थ असले की साधन यादी बनवतं, एकच असला की यादीऐवजी सुटं मूल्य. चाचणीत सगळं चालतं आणि एकच अर्थ असलेला पहिला शब्द आला की प्रोग्राम कोसळतो. कोणती एलिमेंट नेहमी यादीच मानायची, हे साधनाला आधी सांगा. मिश्र आशयात तर मजकुराचा आणि टॅगचा क्रमच हरवतो. तिथे रूपांतर करू नका.

फाइल फार मोठी आहे, प्रोग्राम अडकतो.

पूर्ण झाड स्मृतीत उभं केलं तर ते फाइलीच्या कित्येक पट जागा खातं. प्रवाही वाचन करा: एक नोंद वाचा, काम करा, सोडून द्या. पायथॉनच्या इटरपार्समध्ये हाताळलेलं एलिमेंट रिकामं करायला विसरलात तर झाड मागे वाढतच राहतं, आणि मुळाला लटकलेली रिकामी एलिमेंटही काढावी लागतात. मराठी विकिपीडियाचा मोफत डंप सरावाला चांगला आहे. तो एक्सएमएलमध्ये असतो, पण लेखाचा मजकूर आत विकीच्या स्वतःच्या खुणांत. म्हणजे एक्सएमएल तिथे फक्त लिफाफा आहे, लेखाची रचना समजायला दुसरा पार्सर लागतो.

बाहेरून आलेली एक्सएमएल फाइल धोकादायक असू शकते का?

हो. फाइलीच्या डोक्यावर एन्टिटी घोषित करता येतात, आणि एक एन्टिटी दुसरीला दहादा बोलावू शकते. अशा नऊ पायऱ्या रचल्या तर एक किलोबाइटहून लहान फाइल तीन अक्षरी शब्दाच्या १०० कोटी प्रती, म्हणजे सुमारे ३ जीबी मजकूर, उभा करते. दुसऱ्या हल्ल्यात एन्टिटी तुमच्याच सर्व्हरवरची फाइल उघडून मजकुरात आणते. उपाय एकच आणि सोपा: अनोळखी फाइलींसाठी डॉकटाइप घोषणा (फाइलीच्या डोक्यावरचा हाच भाग) पूर्ण नाकारा. जावात तशी सेटिंग आहे, पायथॉनमध्ये डिफ्यूज्डएक्सएमएल ही लायब्ररी वापरा.

जुना मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये आहे. आधी टॅग लावू की आधी युनिकोड करू?

आधी युनिकोड. त्या फॉन्टमध्ये साठवलेली अक्षरं प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, त्यांना मराठी रूप फक्त फॉन्ट देतो. त्यांत & आणि < हीसुद्धा एखाद्या मराठी अक्षराच्या जागी असू शकतात, मग फाइल पहिल्याच पानावर मोडते. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि ‘ऱ्य’ हे तीन प्रकार नजरेने तपासा, बिघाड बहुधा तिथेच सापडतो. मजकूर स्वच्छ झाल्यावर परिच्छेद आणि पानांचे टॅग लावा. व्यक्ती आणि ठिकाणांचे टॅग सर्वांत शेवटी, कारण ते हाताने लावायचे असतात आणि ते काम दुसऱ्यांदा करण्याची वेळ कुणावर येऊ नये.